नुकसान : निरंक

खर्डा हे नाव उच्चारले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. ११ मार्च १७९५ या दिवशी मराठ्यांच्या एकवटलेल्या फौजांनी निजामाचा येथे पराभव केला, निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला आणि पाण्यावाचून सैन्याची दैना होऊन त्यास तह करावा लागला, ही हकीकत आमच्याकडे शाळेतील मुलासही ठाऊक असते. मराठेशाहीची ती शेवटची मोठी एकजूट; म्हणून तिच्यावर आमच्या इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्हीही एका मार्च महिन्यात काही विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन ती रणभूमी पाहण्याकरिताच खर्ड्यास गेलो होतो. परंतु किल्ल्याचा तट उतरून थोडे बाहेर पडलो तो समोरच्या टेकडीचा संबंध उतार काळा ठिक्कर पडलेला दिसला. दोनच दिवसांपूर्वी तेथे वणवा लागून गेला होता. पायथ्याशी एक वृद्ध बाई रिकामा विळा मांडीवर ठेवून बसली होती. आम्ही विचारले, "आजीबाई, काय जळाले?" तिने आमच्याकडे न पाहताच उत्तर दिले, "काय जळालं म्हंजी? माझ्या गाईचा उन्हाळा जळाला, मास्तर. पोरगा-सून तोडीला गेल्यात. आता कडबा कशानं इकत घेऊ?"

पुढे काही दिवसांनी दुसऱ्याच कामानिमित्त एका सरकारी कचेरीत आमचे जाणे झाले, तेथे सहज या वणव्यांचा विषय काढला. तेथील गृहस्थ सुस्वभावी होते. ते म्हणाले, "गवतच जळते ना? झाड एकही जात नाही." आणि खात्री पटविण्याकरिता त्यांनी एक तक्ता आमच्यापुढे ठेवला. त्यात दिनांक होता, ठिकाण होते, क्षेत्र होते, कारणाच्या रकान्यात 'अज्ञात' असे लिहिले होते, आणि नुकसानीच्या रकान्यात ओळीमागून ओळ एकच शब्द होता : निरंक. त्या कचेरीचे वा त्या गृहस्थांचे नाव आम्ही सांगत नाही, कारण दोष त्यांचा नाही. ज्यांनी तो रकाना आखला व त्यात काय धरावे आणि काय धरू नये हे ठरविले, त्यांच्याशी आमचे भांडण आहे. आणि त्या मंडळीत आम्ही शिकलेले लोकही येतो.

वाङ्मयविषयक मासिकात हा गवताचा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांस आमचे उत्तर असे की, आमच्या वाङ्मयात वणवा उदंड पेटला आहे. विरहाचा वणवा आहे, द्वेषाचा आहे, क्रांतीचा आहे. कवींनी, नाटककारांनी व सभांतील वक्त्यांनी हा शब्द इतका राबविला की वणवा म्हणजे डोंगरास खरोखर लागणारी आग, हा त्याचा मूळ अर्थ शहरातील वाचकास आता आठवावा लागतो. ज्या गोष्टीचा आम्ही अलंकार करून टाकला तिचा जमाखर्च मांडावयाचा असतो हे आम्हांस सुचतच नाही. तो जमाखर्च या लेखात मांडण्याचा आमचा विचार आहे.

खर्डा हे जामखेड तालुक्यातील मोठे गाव, व्यापाराची जुनी पेठ. भोवती बालाघाटाच्या टेकड्या; बीड व धाराशिव या दोन्ही जिल्ह्यांच्या सीमा जवळच. १९४८ पर्यंत निजामी राज्याची हद्द याच बाजूने जात होती. हा सारा पर्जन्यछायेचा मुलूख. पीक मुख्यत्वे ज्वारीचे. ज्या वर्षी पाऊस दगा देईल त्या वर्षी धान्यही कमी आणि कडबाही कमी. अशा मुलखात डोंगरावरचे गवत म्हणजे जनावराची उन्हाळ्याची शिदोरी होय. पवन्या, मारवेल, डोंगरी इत्यादी जातींचे गवत पावसाळ्यात वाढते व दिवाळीनंतर वाळते. कापून रचले तर त्याची गंजी होते. उभे ठेवले तर गुरे-मेंढरे त्यावर माघ-फाल्गुन काढतात, आणि काटकसर केली तर चैत्र-वैशाखही निभावतो. त्यास फाल्गुनात आग लागली म्हणजे पुढे मृगाच्या पावसापर्यंत त्या उतारावर खाण्याजोगे फारसे काही उरत नाही. नेमके हेच तीन महिने दुष्काळी मुलखात जनावर जगविण्याचे असतात.

एवढ्याने तोटा संपत नाही. वारंवार जळणाऱ्या कुरणात पवन्या-मारवेलासारखी सकस गवते मागे हटतात आणि आगीत तग धरणारी कुसळी पुढे सरकते. कुसळीस कुसे आली की गुरे तिला तोंड लावीत नाहीत, मेंढरांच्या लोकरीत व कातड्यात ती रुततात. उघड्या पडलेल्या उतारावरची माती वळवाच्या पहिल्या सरीबरोबर वाहून खालच्या पाझर तलावात व नालाबांधात जाऊन बसते, आणि मग तो गाळ काढण्याकरिता पुन्हा सरकारी अंदाजपत्रके तयार होतात. वणव्याचा खर्च अशा रीतीने दोनदा होतो. एकदा गवताच्या रूपाने गावाकडून आणि एकदा गाळाच्या रूपाने सरकारकडून.

आता त्या वृद्ध बाईच्या एका वाक्याकडे पुन्हा वळू. पोरगा-सून तोडीला गेल्या होत्या. जामखेड, पाथर्डी, आष्टी, पाटोदा हा सारा टापू ऊसतोड मजुरांचा. दसरा-दिवाळी झाली की येथील धडधाकट नवरा-बायको साखर कारखान्यांच्या मुलखात जातात. त्या जोडीस 'एक कोयता' असे म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यावयाची आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडावयाची, असा हा व्यवहार. म्हणजे ज्या महिन्यांत डोंगर पेटतो त्याच महिन्यांत आग झोडपून विझविणारे हात गावात नसतात. असतात ते म्हातारे, मुले आणि त्यांच्या हवाली केलेली एखाद-दुसरी गाय किंवा चार शेळ्या. डोंगर जळाला की कडबा विकत घ्यावा लागतो, आणि सर्वांचाच डोंगर जळाला की कडब्याचा शेकड्याचा भावही चढतो. कडबा परवडला नाही की शेळी विकावी लागते, मग गाय. गाय गेली की घरातले दूध गेले आणि शेणखतही गेले. पुढच्या वर्षी संसाराची तोंडमिळवणी करण्याकरिता मुकादमाकडून उचल अधिक घ्यावी लागते, आणि अधिक उचल फेडावयाची म्हणजे अधिक दिवस तोडीवर राहावे लागते. परिणामी पुढल्या फाल्गुनात डोंगराची राखण करावयास गावात आणखी एक घर कमी. एका वर्षाचा वणवा दुसऱ्या वर्षाच्या वणव्यास वाट करून देतो तो असा. नुकसानीच्या रकान्यात 'निरंक' लिहिणाऱ्या लेखणीस ही साखळी दिसत नाही, कारण तिचे दुवे निरनिराळ्या खात्यांच्या दप्तरांत विखुरलेले आहेत. आग वन खात्याकडे, जनावर पशुसंवर्धनाकडे, मजूर कामगार खात्याकडे, गाळ जलसंधारणाकडे. आणि गाव कोणाकडेच नाही.

गाव ज्याच्याकडे असावयास पाहिजे ती संस्था ग्रामपंचायत. तिच्या तिजोरीची स्थिती काय आहे? तिचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्तीचा कर आणि आठवडी बाजाराची फी. ज्या घराने उन्हाळ्यात कडब्याकरिता शेळी विकली त्या घराची घरपट्टी थकते. जे घर सहा महिने बाहेर आहे त्याच्याकडे वसुलीस जावयाचे तरी कोठे? वणव्याच्या वर्षी बाजारात शेळ्या-बोकडांची आवक आधी वाढते, आणि वरवर पाहणारास बाजार भरभराटीचा वाटतो. वस्तुतः ते गावाचे भांडवल मोड खाऊन निघालेले असते. शिवाय उघड्यावरून गेलेली प्लॅस्टिकची जलवाहिनी आगीत वितळली, किंवा सामाजिक वनीकरणात लावलेली रोपे जळाली, तर तो भुर्दंड निराळाच. सरकारी अनुदानाचा आधार म्हणावा तर त्यासही बेड्या. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांकरिता पंचायतींस जे मूलभूत अनुदान दिले, त्यातील ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छता यांस बांधून दिली होती. उरलेल्या ४० टक्क्यांत रस्ते, गटारे, दिवे, शाळेची दुरुस्ती आणि बाकीचे सारे. त्यात डोंगरावरच्या गवताकरिता पैसा काढण्याची छाती कोणत्या सरपंचास होणार?

यावर कोणी म्हणेल, आग विझविणे हे पंचायतीचे काम नव्हेच. या आक्षेपात एक कटू सत्य आहे. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी स्थानिक स्वराज्यास घटनेत स्थान दिले. नगरपालिकांच्या विषयांची जी बारावी अनुसूची तयार झाली तीत 'अग्निशमन सेवा' हा विषय स्पष्ट शब्दांत आहे. ग्रामपंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यात सामाजिक वनीकरण आहे, गौण वनोपज आहे, सरपण व चारा आहे, सार्वजनिक मालमत्तेची निगा आहे. आग मात्र नाही. शहरातल्या घरास आग लागते व खेड्यातल्या कुरणास लागत नाही, असे घटनाकारांस वाटले असेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु परिणाम असा झाला की चारा गावाचा आणि चाऱ्याची आग कोणाचीच नाही. कर्तव्य मात्र गावकऱ्यावर आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे ७९ वे कलम असे सांगते की, राखीव वा संरक्षित वनात चराईचा किंवा वनोपजाचा हक्क वा परवानगी असलेल्या प्रत्येक इसमाने वणवा लागल्यास, कोणी बोलावो वा न बोलावो, ताबडतोब तो विझविण्याच्या कामास लागले पाहिजे. इंग्रज सरकारने घातलेले हे ओझे आम्ही शंभर वर्षे जसेच्या तसे वाहत आहोत. त्या ओझ्याबद्दल मजुरी किती, भाजल्यास औषधपाणी कोणी करावयाचे, याविषयी ते कलम मौन धरते. फुकटच्या राबणुकीस आमच्या भाषेत वेठ म्हणतात. वेठीवर उभारलेली अग्निशमन व्यवस्था जशी चालावी तशीच ही चालते.

दुसरा आक्षेप अधिक मोठ्या आवाजात केला जातो, व तो बहुधा आमच्यासारख्या शिकलेल्या लोकांकडूनच : हे लोक स्वतःच आगी लावतात, मग त्यांच्याबद्दल कळवळा कशाला? आम्ही प्रांजळपणे कबूल करतो की बहुतेक वणवे माणसाच्याच हातून लागतात. कोणी शेताचा बांध जाळतो आणि ठिणगी गायरानात जाते. कोणी उसाचे पाचट पेटवितो. कोणी मोहोळ काढावयास धूर करतो, कोणी विडीचे थोटूक टाकतो, कोणी शिकारीकरिता झुडूप पेटवितो. आणि जाळले म्हणजे गवत चांगले फुटते असे मानून मुद्दाम काडी लावणारेही आहेत. या शेवटच्या समजुतीचा आम्ही येथेच समाचार घेतो. जेथे जमिनीत ओल असते तेथे जळालेल्या कुरणास कोवळी पालवी लवकर फुटते, हे खरे. परंतु फाल्गुनात ज्या डोंगरावर ओलीचा टिपूस नाही तेथे पालवी कशाच्या जोरावर फुटणार? तेथे राख वाऱ्याने उडते आणि तीन महिने जनावर उपाशी राहते. ज्या गावकऱ्याने केवळ आपल्या चार मेंढरांच्या हिरव्या घासाकरिता साऱ्या गावाचा वाळला चारा जाळला, त्याने आपल्याच शेजाऱ्याचे घर लुटले, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. तो गरीब आहे म्हणून त्याची गय करावी या मताचे आम्ही नाही.

परंतु आक्षेपकांनी एक पाऊल पुढे जाऊन पाहावे. जी वस्तू आपली आहे असे माणसास वाटते ती तो जाळीत नाही. शेतातील कडब्याच्या गंजीजवळ हाच गावकरी विडी ओढू देत नाही. मग डोंगरावरच्या गवताविषयी त्याचा जीव का तुटत नाही? कारण ते आपले आहे असे त्यास सव्वाशे-दीडशे वर्षांत कोणी वाटूच दिले नाही. डोंगर आणि गायराने वन खात्याने घशात घातली, शेतकऱ्याच्या जनावरांस चरावयास जागा उरली नाही, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला तेव्हाच केली होती. कुमाऊँच्या पहाडी लोकांनी तर १९२१ साली आपल्या हक्कांवर आलेल्या निर्बंधांच्या संतापाने सरकारी जंगले पेटविली. त्या वेळच्या सरकारास चौकशी समिती नेमावी लागली, आणि त्याची परिणती पुढे १९३१ च्या नियमांनी गावांस स्वतःच्या वनपंचायती देण्यात झाली. परक्या सरकारासही जे उमगले ते आम्हांस उमगू नये काय? आमच्या कायद्यात मात्र याच्या अगदी उलट तरतूद आजही आहे. त्याच वन अधिनियमाच्या २६ व्या कलमाप्रमाणे, राखीव वनात कोणी जाणूनबुजून वा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर गुन्हेगारास शिक्षा झाली असो वा नसो, त्या वनातील चराईचे व वनोपजाचे सर्व हक्क शासनास वाटेल तितका काळ तहकूब ठेवता येतात. म्हणजे आग एकाने लावावी, गवत सर्वांचे जळावे, आणि उरलेल्या गवतावरचा हक्कही सर्वांचाच जावा! याने राखणदार निर्माण होतील की आणखी काड्या लावणारे, याचा विचार वाचकांनीच करावा.

गवत हे राज्याचे धन आहे, ही कल्पना आमच्या लोकांस कोणी परदेशातून आणून द्यावी लागेल असेही नाही. १६७४ साली शिवाजी महाराजांनी चिपळूणकडील छावणीतील आपल्या अंमलदारांस जे पत्र लिहिले ते इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाच्या परिचयाचे आहे. त्यात त्यांनी पावसाळ्याकरिता साठविलेला दाणा-चारा बेताने वापरावा, नाहीतर पुढे मिळणार नाही, अशी ताकीद दिली. आणि मग चुलीचा विस्तव, चिलमीची ठिणगी, उंदराने ओढून नेलेली दिव्याची वात, यांपैकी कशाने गवताच्या गंजीस आग लागू शकेल ते एकेक करून सांगितले. गवत जळाले तर घोडी मरतील आणि त्या घोड्यांची हत्या तुमच्या माथी येईल, असा त्या पत्राचा आशय आहे. राज्याभिषेकाच्या वर्षी ज्याच्यापुढे शंभर मोठी कामे होती त्या राजास गंजीतल्या ठिणगीचा हिशेब ठेवावासा वाटला, कारण गवत, घोडे, फौज आणि राज्य ही एकाच सुतात ओवलेली आहेत हे तो जाणत होता. मराठी राज्याच्या कागदपत्रांत कुरणांचे उल्लेख ठायी ठायी आढळतात ते याच कारणाने. ज्या घोडदळाच्या बळावर खर्ड्याची लढाई जिंकली गेली ते घोडदळ कुरणांच्याच जिवावर उभे होते. आम्ही दरसाल त्या विजयाचे पोवाडे ऐकतो, आणि त्याच गावाच्या उशाचे कुरण जळाले म्हणजे 'निरंक' लिहितो. याच तालुक्यातील चौंडी येथे १७२५ साली अहिल्याबाईंचा जन्म झाला, आणि २०२४ साली अहमदनगर जिल्ह्यास त्यांचे नाव देण्यात आले. मेंढरांवर जगणाऱ्या धनगर समाजात जन्मलेल्या त्या थोर स्त्रीचे नाव कागदोपत्री लावणाऱ्यांनी मेंढरांच्या चाऱ्यासही कागदावर एखादी ओळ द्यावी, ही मागणी फाजील आहे काय?

कोणी म्हणेल, भावना पुरे झाल्या; आकडे सांगा. ठीक आहे. २०१८-१९ च्या दुष्काळात या जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या. त्या उन्हाळ्यात शासनाने मोठ्या जनावरामागे दररोज द्यावयाचा दर वाढवीत वाढवीत १०० रुपयांपर्यंत नेला. आता उदाहरणादाखल ५०० जनावरांची एक छावणी घ्या व ती ९० दिवस चालली असे धरा. खर्च ४५ लाख रुपये. उलटपक्षी, गावच्या डोंगरावर पौष-माघात जाळरेषा काढण्याकरिता २० माणसे ३० दिवस लावली तर मजुरीचे दिवस ६०० होतात. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची रोजी २९७ रुपये होती. त्या दराने हा खर्च १ लाख ७८ हजार २०० रुपये येतो. छावणीचा सारा खर्च वणव्यामुळेच झाला असे आम्ही मुळीच म्हणत नाही; पाऊसच पडला नाही तर गवतही उगवत नाही. परंतु वाचलेल्या गवताने त्या खर्चाचा केवळ दहावा हिस्सा टळला तरी ते साडेचार लाख होतात, म्हणजे जाळरेषेच्या खर्चाच्या अडीच पट. एवढी साधी त्रैराशिकाची मांडणी करावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. अडचण इतकीच की छावणीचा पैसा एका खात्याच्या खिशातून जातो, जाळरेषेचा दुसऱ्याच्या, आणि दोहोंची बेरीज कोणी करीत नाही. त्यात आणखी एक विनोद असा की आमचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणजे वणव्यांच्या ऐन भरात. कचेऱ्या मार्चअखेरच्या बिलांत बुडालेल्या असतात आणि नव्या वर्षाचा पैसा हाती येईतो डोंगर जळून गेलेला असतो.

वरच्या थरावरही हाच अंधार आहे. राज्यांस केंद्रीय करांतील वाटा ठरविताना चौदाव्या वित्त आयोगाने वनांस ७.५ टक्के भार दिला, पंधराव्याने १० टक्के. वन राखणारांस मोबदला द्यावा हे तत्त्व अशा रीतीने मान्य झाले, याचा आम्हांस आनंदच आहे. पण मोजावयाचे ते दाट वन. बालाघाटाच्या गवताळ टेकड्या त्या मापात बसत नाहीत, आणि बऱ्याच सरकारी नकाशांत तर त्यांचे नाव 'पडीक जमीन' असे आहे. शिवाय जो पैसा येतो तो राज्याच्या तिजोरीत. तेथून डोंगराच्या पायथ्याच्या ग्रामपंचायतीकडे तो त्या नावाने पोहोचण्याची वाट कोणी बांधलेली नाही. आपत्ती निवारणाच्या निकषांत आग हे संकट गणलेले आहे. परंतु तेथेही माणूस मेला, जनावर मेले, घर पडले, पीक गेले, तर मदत. सार्वजनिक गवत हे कोणाचेच पीक नाही, म्हणून ते जळाल्याने कोणाचेच काही गेले नाही, असा तो न्याय.

येथे दूरच्या एका गावाची गोष्ट तुलनेकरिता सांगितली पाहिजे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया संस्थानात पॅरडाइज नावाचे गाव आहे. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी एका वीज कंपनीच्या तारांपासून पेटलेल्या वणव्यात ते जवळजवळ सारे जळाले आणि ८५ माणसे प्राणास मुकली. घरेच उरली नाहीत म्हणून घरांवरील करही उरला नाही. गावचा कारभार चालावा कसा असा प्रश्न पडला. परंतु त्या गावाच्या कारभाऱ्यांनी आपले नुकसान आकड्यांत मांडले, आणि पुढील वर्षी त्या वीज कंपनीस १४ स्थानिक शासनसंस्थांस मिळून १ अब्ज डॉलर देण्याचे मान्य करावे लागले. त्यांपैकी २७ कोटी पॅरडाइजच्या वाट्यास आले. अमेरिका श्रीमंत आहे आणि आमच्या वणव्यामागे बहुधा कोणी धनाढ्य कंपनी नसते, हे आम्ही जाणतो. त्या गोष्टीतून घ्यावयाचे ते एवढेच की, आगीने व्यक्तींचे नुकसान होते तसे गावाचे, गाव या नात्याने, होते. आणि ज्या गावाच्या वहीत ते लिहिलेले असते त्यास ते मागता येते. 'निरंक' लिहिणाऱ्या गावास कोणाकडे काय मागता येणार?

आणि इतके दूर जाण्याचीही गरज नाही. याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली; डोंगरावर गुरे सोडण्याऐवजी विळ्याने गवत कापून नेण्याची पद्धत घातली. गवत कित्येक पटींनी वाढले, त्याबरोबर दूध वाढले, आणि स्थलांतर करून गेलेली कुटुंबे परत आली. गवत मोजले जाऊ लागले, वाटले जाऊ लागले, आणि म्हणून राखलेही जाऊ लागले. यावर हटकून असे उत्तर मिळते की, प्रत्येक गावास पोपटराव कोठून आणावे? आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. एखादा असामान्य पुरुष असला तरच गवत वाचेल आणि नसला तर जळेल, अशी व्यवस्था ठेवणे हाच राज्यकारभाराचा दोष होय. सामान्य सरपंचास, सामान्य ग्रामसभेस जे करता येईल ते सोपे करून ठेवणे, एवढ्याचकरिता कायदे असतात.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या व साध्या आहेत. गायरानात व वनात लागलेल्या प्रत्येक वणव्याचा पंचनामा ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीसमक्ष व्हावा आणि त्यात जळालेल्या चाऱ्याची किंमत चालू भावाने लिहावी. 'निरंक' हा शब्द त्या रकान्यातून कायमचा काढून टाकावा. आग तालुक्याची वा जिल्ह्याची हद्द ओलांडून गेली तर पंचनामाही तिच्यामागे हद्द ओलांडून जावा. जाळरेषेचा व हंगामी राखणदारांचा पैसा पौषापूर्वी पंचायतीच्या खात्यावर यावा. ७९ व्या कलमाखाली जो गावकरी आग विझवावयास धावतो त्यास त्या दिवसाची मजुरी व इजा झाल्यास भरपाई मिळावी. आणि राखलेल्या गवताचे उत्पन्न ग्रामनिधीत जमा व्हावे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीकडे असलेल्या चराऊ जमिनीवर चराईची फी बसविण्याची मुभा दिलेली आहे. तेव्हा गवत हे गावचे उत्पन्न आहे हे तत्त्व कायद्यास नवीन नाही. कमाई आपली म्हटले म्हणजे राखण आपली म्हणावयास माणूस आपोआप शिकतो.

सरकारने हे सारे उद्या करावे अशी आमची भाबडी अपेक्षा नाही. परंतु एक गोष्ट खर्ड्यासारख्या गावांस सरकारची वाट न पाहता करता येईल. २ ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभा भरते. त्या वेळी डोंगर हिरवा असतो आणि कोयते अजून गावातच असतात. तोडीवर निघण्यापूर्वीची ती शेवटची सभा. त्या सभेत कोणी तरी उठून विचारावे : यंदा आपल्या शिवारात गवत किती आहे, कडब्याच्या भावाने त्याची किंमत काय होते, जाळरेषा कोणी व कधी काढावयाची, आणि आम्ही तोडीवर असताना ती राखणार कोण? या चार प्रश्नांची उत्तरे सभेच्या इतिवृत्तात आकड्यांसह लिहून घ्यावीत. पुढे फाल्गुनात आग लागलीच, तर कचेरीतल्या त्या रकान्यात निदान गावाच्या सहीचा एक आकडा भरावा लागेल, आणि तो खोडून पुन्हा 'निरंक' लिहिण्याची जबाबदारी कोणाला तरी आपल्या नावावर घ्यावी लागेल.